बर्फाच्या गाडीचा ब्रेक

त्याला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको, की काकांनी उगाच जवळीक दाखवली. त्याची आई कशी होती, लहानपणी तो कुठे राहायचा, त्याला गाणं आवडायचं की नाही, यातलं मला काहीच माहीत नाही. त्याचं खरं नावसुद्धा मला तो गेल्यावर कळलं, आणि ते कुणा दुसऱ्याचंच वाटलं. सगळे त्याला थंडोबा म्हणायचे. माझ्या तोंडून ते नाव कधी निघालं नाही. तो माझ्यापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी लहान, पण मला पटकन कुणाला अरे-तुरे करता येत नाही. त्यामुळे त्याला मी शेवटपर्यंत 'अहो' म्हणत राहिलो. इथे मात्र 'तो' लिहितोय. लिहिताना जमतं.

गॅरेजवाल्या मिस्त्रीचं म्हणणं, त्याच्याबद्दल कुणीतरी चार ओळी लिहून ठेवाव्यात. मी म्हटलं, तुम्ही लिहा, तुमचा तो दोस्त. तर म्हणाला, "माझे हात बघा, काका. कागद काळा होईल."

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. शिवायचो, म्हणायला हवं. आता तासभर मशीनवर बसलो की मान धरते. माझं दुकान उताराच्या मध्यावर आहे आणि त्याला लागून मिस्त्रीचं गॅरेज. मध्ये फक्त एक पत्रा. तिकडे पाना पडला तर इकडे मी दचकतो, आणि इकडे मी शिंकलो तर तिकडून आवाज येतो, "काका, औषध घेतलं का?"

थंडोबाची पिकअप बर्फाची. उताराच्या वरच्या टोकाला बर्फाचा कारखाना. तिथून सकाळी लाद्या भरायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं, आणि उतार उतरून खाली मासळी बाजारात आणि सरबतवाल्यांकडे पोचवायच्या. कधी इस्पितळातलं शवागाराचं मशीन बंद पडलं की तिथेही. गाडी बारा महिने ओली. मागच्या फळ्यांच्या फटींतून पाणी ठिबकत असायचं, त्यामुळे ती निघून गेल्यावरही कुठे उभी होती ते दिसायचं. तो स्वतः सदा गमबुटात. आणि चाल अशी संथ, की बघणाऱ्याला घाई व्हावी. बाजारातले लोक ओरडायचे, "अरे थंडोबा, माल वितळतोय!" तो आकडा लादीत रुतवत म्हणायचा, "वितळू दे की. तुम्हालाही त्याचं शेवटी पाणीच करायचंय."

त्याची बायको खाली वळणावरच्या धोबीखान्यात इस्त्रीच्या खात्यात होती. इस्पितळाच्या चादरी तिथे यायच्या. ती रोज सकाळी त्याच्या शेजारी बसून उतार उतरायची. घरी म्हणे दोघांना बोलायला सवड नसायची. तो परत येईतो ती झोपलेली, किंवा ती परत येईतो तो झोपलेला. बोलणं व्हायचं ते गाडीत. म्हणजे ती बोलायची आणि तो चालवायचा. खिडकी उघडी असायची, त्यामुळे गाडी माझ्या दुकानासमोरून जाताना मला रोज अर्धं वाक्य ऐकू यायचं. "...आणि वर मलाच विचारते, साबण कुठे गेला!" एवढंच. त्याच्या आधीचं वर राहून गेलेलं आणि नंतरचं खाली निघून गेलेलं. एकदा "...तर मी म्हटलं, जावईबुवा, तो चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे" असं आलं आणि मी दिवसभर एकटाच हसत होतो. माझी बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. रोजचं ते अर्धं वाक्य मला पुरायचं.

आता पायाचं सांगतो. आम्हाला ते खूप उशिरा कळलं, पण वाचणाऱ्याला अंधारात ठेवून मला काय मिळणार?

त्याच्या उजव्या पायातलं बळ उतरत चाललं होतं. सुरुवात चपलेपासून झाली. चालता चालता उजव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि त्याला पत्ताच नसायचा. कुणीतरी हाक मारून द्यायचं. मग त्याने घरीसुद्धा गमबूट वापरायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "आता झोपतानाही घाला." मग एक दिवस तो कुणाला न सांगता मोठ्या इस्पितळात जाऊन आला. तिथे त्याच्या पायात सुया टोचून मशीनवर बघितलं आणि सांगितलं की नसा सुकत चालल्यात. हे वर चढत जाणार, थांबवता येण्यासारखं नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद करा. तो म्हणाला, "बरं." तिथून बाहेर आला, गाडीत बसला आणि वर जाऊन लाद्या भरल्या. हे त्याने मला पुढे खुर्चीत बसून सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

तेव्हा मात्र त्याने ना बायकोला सांगितलं, ना मिस्त्रीला. चाक हातातून सुटलं की सकाळचा तो उतारही सुटणार, हे त्याला ठाऊक होतं.

एका सकाळी गाडी खालच्या वळणावर थांबायची तिथे थांबली नाही. पुढे जाऊन धोबीखान्याच्या भिंतीला टेकली. वेग फारसा नव्हता. भिंतीचा थोडा गिलावा पडला, बायकोने दोन्ही हात पुढे टेकवले होते म्हणून तिला काही लागलं नाही. ती उतरली, भिंतीकडे बघून म्हणाली, "रोज दारात सोडता, आज थेट आत न्यायचा विचार होता का?" आणि कामाला गेली. लोक जमले, त्यांना तो म्हणाला, "ड्रम ओले झाले."

हे कुणालाही पटण्यासारखं होतं. पिकअपच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, म्हणजे चाकासोबत फिरणारी उघडी पोलादी ताटली, पण मागे ड्रम. ड्रम म्हणजे चाकाच्या आतलं एक लोखंडी पातेलं; ब्रेक दाबला की आतले लायनर पसरून त्या पातेल्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. पातेल्यात पाणी शिरलं की लवकर सुकत नाही आणि लायनर बुळबुळीत होतात. आणि याच्या गाडीतून तर दिवसभर पाणी थेट मागच्या चाकांवरच गळायचं. मिस्त्रीने ड्रम उघडला तर आतून तपकिरी पाणी आलं.

"चहा ठेवलायस का रे आत?" मिस्त्री म्हणाला.

"घे थोडा," थंडोबा म्हणाला.

नवे लायनर बसले. थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा एकदा गाडी वळणावर पुढे सरकली, या वेळी भिंतीपर्यंत गेली नाही इतकंच. त्याच दिवशी तो गॅरेजात आला. मी पत्र्याच्या अलीकडे एका जीपचं कव्हर शिवत होतो.

"मागे डिस्क बसव."

"पुढे आहेत ना?"

"मागेही बसव. डिस्क उघडी असते, पाणी पुसून टाकते. तूच सांगितलंस."

"सांगितलं असेल. मी दिवसभर काहीतरी बोलतच असतो. अरे, कंपनीने मागे ड्रम दिलेत. कंपनी काय वेडी आहे?"

"कंपनीने बर्फ वाहिलाय कधी?"

पत्र्यापलीकडून मिस्त्रीने मागच्या चाकावर पाना ठोकल्याचा आवाज आला. त्यालाही ते पटलं असावं. शिवाय मला वाटतं त्याला अशा कामाची हौसही होती. रोज तेच तेल बदलायचं, तोच पंक्चरचा माणूस; मधूनच काही वेगळं आलं की तो आजारातून उठल्यासारखा दिसायचा.

भंगार बाजारातून त्याने एका दुसऱ्या गाडीच्या मागच्या डिस्क पैदा केल्या. कॅलिपरही मिळाले. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा जबडा. हे असे निवडले होते की हँडब्रेकची तारही त्यांनाच जोडता येईल, नाहीतर ड्रम काढला की हँडब्रेकही जातो. पिकअप मागून उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली. ड्रम इतके गंजून बसले होते की हातोड्याचा आवाज सकाळभर पत्र्यातून माझ्या दातात येत होता. मग मागची चाकं फिरवणारे अ‍ॅक्सलचे दांडे ओढून काढले, तेव्हा जाड तेलाचा वास माझ्या कापडापर्यंत आला. कॅलिपर धरायला लागणाऱ्या पट्ट्या लेथवाल्याने जाड पत्र्यातून कापून दिल्या होत्या. एक बसेना. मिस्त्री ती कानशीने घासत आणि लेथवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत बसला. थंडोबा तिथेच उलट्या बादलीवर बसून असायचा. हातात पाना दे, दिवा धर, एवढं करायचा. चाकांवर झाकण उरणार नव्हतं, चकचकीत पोलादी ताटली उघडी दिसत होती, आणि तो तिच्यावरून बोट फिरवत राहायचा. लोक नव्या भांड्यावरून फिरवतात तसं.

गाडी अशी उभीच आहे तर सीट नवी करून घेऊ, असं त्याच्या मनात आलं आणि सीट माझ्याकडे आली.

माणसाची सीट उलगडली की तो कसा बसतो ते कळतं, यात काही विशेष नाही. चप्पल बघून चांभाराला जसं कळतं तसंच. बायकोच्या बाजूचं काहीच झिजलं नव्हतं, फक्त दाराकडच्या कडेला तिच्या बोटांनी कुरतडलेली एक शिवण होती. त्याच्या बाजूची बैठक मात्र डावीकडे पार खचलेली, आणि पाठीचा फोम उजव्या खांद्यापाशी दगडासारखा दबलेला. जणू तो पाठ रेटून, अख्ख्या अंगाने काहीतरी ढकलत असावा.

मी विचारलं, "तुम्ही एका बाजूने बसता का?"

"पाकीट असतं ना मागच्या खिशात."

"पाकीट तुमच्या शर्टाच्या खिशात असतं. आत्ताही आहे."

त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि हसला. "काका, तुम्ही सीटा शिवण्यात आयुष्य घालवलंत. पोलिसात जायला हवं होतं."

मीही हसलो. नवा फोम दोन्ही बाजूंनी सारखा भरला.

सीट घेऊन मी गॅरेजात गेलो त्या दिवशी ब्रेकची हवा काढायची होती. नळ्या नव्या लावल्या की त्यांत हवा राहते, आणि हवा राहिली की ब्रेक स्पंजासारखा लागतो. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून ब्रेकचं पेडल पायाने दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून कॅलिपरची बारीक तोटी सोडायची, हवा आणि तेल बाहेर येऊ द्यायचं, तोटी बंद करायची, मग वरच्याने पाय उचलायचा. तोटी बंद होण्याआधी पाय सुटला, तर बाहेर गेलेली हवा परत आत. मिस्त्री पाठीवर सरकत गाडीखाली गेला. मी सीटचे नट आवळले आणि थंडोबा वर चढून बसला.

"दाब!"

"दाबला."

"धर. धरलास?"

"धरलाय."

"सोड."

असं चाललं होतं. खालून येणाऱ्या नळीचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेलं होतं, त्यातून बुडबुडे येत होते. ते कमी होत होत बंद व्हायला हवे होते, ते होईनात. मिस्त्रीने नळी तपासली, जोड पुन्हा आवळले. पुन्हा "दाब", पुन्हा "धर". पुन्हा बुडबुडे.

"थंडोबा, धरतोयस ना नीट?"

"धरलाय रे."

मी दाराशी उभा होतो. त्याने डावा हात उजव्या गुडघ्यावर ठेवला होता आणि सगळा भार त्या हातावर देऊन गुडघा खाली रेटत होता. कपाळावर घाम होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मला वाटलं, नवीन सीट उंच झाली असेल.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. धोबीखान्याला तिची सुट्टी होती. "अजून गाडीखालीच का?" ती म्हणाली. "माणसं लग्नं लावून मोकळी होतात एवढ्या वेळात."

गाडीखालून आवाज आला, "वहिनी, बऱ्या आलात. याला उतरवा आणि जरा तुम्ही बसा. याचं लक्ष नाही."

"मला काय येतंय त्यातलं?"

"पाय आहे ना? तेवढा पुरे."

थंडोबा म्हणाला, "तिला कशाला उगाच..." पण ती डबा माझ्या हातात देऊन दुसऱ्या बाजूने चढलीच. तो हळूहळू उतरला. ती सीटवर सरकली, साडी आवरली आणि मिस्त्रीने सांगितल्यावर पाय दाबला.

"धरा, वहिनी. धरलाय?"

"धरलाय की. किती वेळ धरू?"

"सोडा. पुन्हा."

तिसऱ्या-चौथ्या खेपेला बुडबुडे थांबले. नळीतून नुसतं तेल, स्वच्छ. दुसऱ्या चाकाचंही तसंच झालं. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, पण लगेच उठला नाही. जमिनीवर बसल्या बसल्या हात पुसत थंडोबाच्या गमबुटाकडे बघत राहिला.

"पायाला काय झालंय?"

"झोपला होता. बसून बसून."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

त्याने चाकं चढवली, गाडी खाली घेतली आणि स्वतः बसून गॅरेजच्या मागच्या सपाट पटांगणात एक फेरी मारली. ब्रेक दाबला तशी गाडी जागच्या जागी खिळली. मागच्या फळ्या धाडकन वाजल्या. एवढा चांगला ब्रेक मी माझ्या आयुष्यात बघितला नाही. मग तो उतरला आणि थंडोबाला म्हणाला, "आता तू."

थंडोबाने नको म्हटलं नाही. चढला. गाडी अगदी चालण्याच्या वेगाने टायरांच्या ढिगाकडे निघाली. मिस्त्री ओरडला, "दाब!" आतून त्याची पाठ मागे रेटलेली दिसली, खांदा वर आलेला दिसला, आणि गाडी तशीच सरकत गेली, सावकाश, आणि ढिगाला टेकली. वरचा एक टायर घरंगळत येऊन माझ्या पायाशी पडला. मग हँडब्रेक ओढल्याचा कर्रकन आवाज आला.

मिस्त्री खिडकीपाशी गेला. म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, "अरे गाढवा, मला आधी सांगायचं होतंस. ड्रममध्ये फिरतं चाक लायनरला स्वतःच ओढून घेतं. अर्धं काम चाक करतं, पायाला कमी करावं लागतं. डिस्कचं तसं नाही. जितका पाय, तितका ब्रेक. तुला होतं ते बरं होतं. मी ते काढून हे बसवलं."

थंडोबा स्टिअरिंगमागेच बसून होता. म्हणाला, "मला वाटलं नवीन ब्रेक हलका लागेल."

"हलका लागतो. ज्याला पाय आहे त्याला."

एवढं बोलून मिस्त्रीने तोंड फिरवलं. थंडोबाची बायको अजून उभी होती. तिने माझ्या हातातला डबा परत घेतला, तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि दाराजवळ गेली.

"कधीपासून?"

"झाले थोडे महिने."

"डॉक्टरला माहीत आहे?"

"आहे."

"डॉक्टरला माहीत आहे. आणि मी रोज तुमच्या शेजारी बसत होते."

"सांगितलं असतं तर बसली असतीस का?"

"नसते बसले!"

"मग?" तो म्हणाला.

तिने डबा सीटवर ठेवला आणि पायी उतार चढून घरी गेली.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी ड्रम परत बसवतो म्हणून सांगितलं. त्याच्या मनाला ते फार लागलं होतं. ड्रम घासून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवले होते. पण थंडोबा म्हणाला, "राहू दे. ते लावलेस तरी माझ्या पायात बळ किती दिवस राहणारेय?" आणि मग मला आजवर न कळलेली एक गोष्ट म्हणाला: "ब्रेक चांगला झालाय. चांगली गोष्ट कशाला मोडायची?"

बायको त्याच्याशी बराच काळ बोलली नाही, असं मिस्त्री सांगायचा. पिकअप उभी होती. बर्फ दुसऱ्या कुणाच्या टेम्पोतून जात होता. मग एके दिवशी ती स्वतःच गॅरेजात आली आणि मिस्त्रीला म्हणाली, "भाऊजी, मला शिकवा." शिकताना ती घाबरायची, घाबरली की चिडायची. पटांगणात टायर पुष्कळ पडले. थंडोबा बाहेर बसून बघायचा आणि म्हणायचा, "क्लच सोड. अगं, हळू. क्लच म्हणजे इस्त्री नाही." ती म्हणायची, "तुम्ही गप्प बसा. तुम्ही बोलायच्या वेळी बोलला नाहीत." पण ब्रेक ती सुंदर दाबायची. मिस्त्री म्हणाला, हवा काढली तेव्हाच मला कळलं होतं.

तिने धोबीखाना सोडला आणि बर्फ वाहायला लागली. पहिले काही महिने तो तिच्या शेजारी, तिच्या जागेवर बसून जायचा, गिऱ्हाइकं दाखवायला. चढता यावं म्हणून मिस्त्रीने दाराखाली एक लोखंडी पायरी वेल्ड केली. सकाळी गाडी माझ्या दुकानासमोरून जायची. खिडकी उघडी असायची. पण आता काही ऐकू यायचं नाही. ती दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, ओठ आवळून, रस्त्याकडे बघत असायची.

पुढे पायरीही चढवेनाशी झाली. डावा पायही गेला. मग ती त्याला सकाळी जाताना माझ्या दुकानात सोडायची आणि शेवटच्या खेपेनंतर वर जाताना घेऊन जायची. मी त्याच्यासाठी दाराशी खुर्ची ठेवली होती. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मिस्त्रीने पिकअपच्या काढून ठेवलेल्या ड्रमांपैकी एक आणून दाराला लावला. तो अजून तिथेच आहे. थंडोबा तिथे बसायचा, मी शिवायचो. बोलणं फार नाही. दोघांनाही यायचं नाही. वर सांगितलेलं ते चपलेचं आणि इस्पितळाचं मला तिथेच कळलं. आणि एकदा, मी न विचारता, त्याने सांगितलं, "पूर्वी ती बोलायची आणि मी चालवायचो. आता ती चालवते, आणि बोलत कुणीच नाही." मी मशीन थांबवलं. धागा तुटला नव्हता, तरी सुईत पुन्हा ओवला. मी पुन्हा मशीन सुरू केलं.

पुढच्या खेपांना भरलेली पिकअप उतरताना दुरून आवाज यायचा. तो बोलायचा थांबायचा. मी त्याच्या पायाकडे बघायचो. गमबूट जागच्या जागी असायचा, हलण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. पण हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट व्हायचा, पाठ मागे रेटली जायची, आणि खाली वळणावर गाडी वळल्याचा आवाज आला की मग सैल पडायचा. रोज. खाली ती वेळेवर थांबायची. ब्रेक एकदाही चुकला नाही.

त्यानंतर त्याला उतरवून आणणंही जमेना आणि तो घरीच राहू लागला. त्यांची खोली कारखान्यामागे, एका जिन्याखाली. खिडकीतून बर्फाच्या पाण्याची मोरी दिसायची. मी फार वेळा गेलो नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन काय बोलायचं हे मला कळत नाही. पण ती एकदा म्हणाली की खुर्ची त्यांना टोचते, म्हणून मी मापाने एक उशी शिवली आणि घेऊन गेलो. या वेळी मी फोम दोन्ही बाजूंना सारखा भरला नाही. डावीकडे जास्त घातला, तो तिकडे झुकायचा म्हणून.

ती कामावर होती. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला थोडा उचलला आणि उशी खाली सरकवली. तो वजनाने लहान मुलासारखा झाला होता. तो टेकला, थोडा इकडे तिकडे झाला.

मी विचारलं, "कशी वाटतेय?"

"उंच झाली जराशी."

"नवा फोम आहे. बसत राहिलात की दबेल. थोडे दिवस लागतील."

"दबेल ना?"

"दबेल."

"मग बसतो की, काका," तो म्हणाला. "मला कुठे जायचंय?"